आधी चूक, मग उत्तर

सप्टेंबर सरत आला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. धड कोसळतही नव्हता. चार दिवसांसाठी येऊन महिनाभर मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्यासारखा नुसता रेंगाळत होता. अशाच एका चिकचिकीत संध्याकाळी ईश्वरी घरत सीवूड्सच्या मॉलमागच्या सदूच्या झेरॉक्सच्या दुकानात निथळत उभी होती. तिने सकाळी मोबाइलवरून एक पुस्तक छापायला पाठवलं होतं. नेटवर फुकट मिळालेलं, कोरियन शिकायचं.

सदूने निळ्या पुठ्ठ्याची स्पायरल तिच्यापुढे टाकली. तिने उघडून पाहिली, तर पानापानावर नुसती उत्तरं. प्रश्नांचा पत्ताच नाही.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"कोरियन आहे ना? मग तुमचीच," सदू मान वर न करता म्हणाला. लग्नपत्रिका असो की सोसायटीची नोटीस, कागद पांढरा आणि शाई काळी एवढंच तो बघायचा. "अख्ख्या सीवूड्समध्ये दुसरं कोण छापतंय ते?"

"दुसरं... मी छापतोय," मागून आवाज आला.

ईश्वरीने वळून पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, हातात मोडक्या काडीची छत्री, आणि शर्टाच्या आत काहीतरी चौकोनी. ती चौकोनी वस्तू म्हणजे तिचीच स्पायरल होती. दुपारी सदूने चुकून याला दिली होती आणि घरी जाऊन उघडल्यावर याच्या लक्षात आलं होतं. परत आणताना भिजू नये म्हणून त्याने ती शर्टाच्या आत घातली होती. आता ती एका अनोळखी मुलीसमोर बाहेर काढावी लागणार म्हणून बिचारा कानापर्यंत लाल झाला. काढली, दिली. पुठ्ठा कोमट होता. ईश्वरीने तो दोन बोटांनी धरला, आणि मग उगाचच पाची बोटांनी धरला.

तिथेच विषय संपायचा. पण या मुलाला, म्हणजे स्वानंद देवरुखकरला, कोरियनचा विषय निघाला की गप्प राहता येत नसे. हे पुस्तक नका करू, तो म्हणाला, हे फार जुनंय. मग त्याने सुरुवात केली. अक्षरांसाठी अमुक ॲप, शब्द पाठ करायच्या पत्त्यांसाठी तमुक, ऐकण्यासाठी लहान मुलांच्या बातम्या, बोलण्यासाठी परदेशी मित्र मिळवून देणारी वेबसाइट, आणि सबटायटल बंद करून मालिका. ईश्वरी ऐकत राहिली. सदूने मधल्या वेळात कुणाची तरी तीन आधार कार्डं काढून दिली.

"मला एवढं सगळं नकोय," ती शेवटी म्हणाली. "एक पुरे."

"एकाने नाही होत."

"तुमचं इतक्यांनी किती झालं?"

स्वानंदने चष्मा पुसायला घेतला. कोरियनची लेव्हलची परीक्षा दोनदा दिली, तो म्हणाला, दोन्ही वेळा राहिली. थाप मारता आली असती, पण त्याने मारली नाही, आणि ईश्वरीच्या मनात त्याच्या नावावर पहिला गुण तेव्हाच जमा झाला. ती स्कूटीकडे निघाली तेव्हा तो छत्री धरून सोबत आला. तिच्या अंगात पायापर्यंत रेनकोट होता, डोक्यावर हेल्मेट होतं. छत्रीचा काडीमात्र उपयोग नव्हता. तिने तसं सांगितलं नाही.

स्वानंद सीवूड्सचाच. वडील बँकेतून निवृत्त, आई शिकवण्या घेणारी, घर दुसऱ्या मजल्यावर. इंजिनिअर झाला, दीड वर्ष नोकरी केली, आणि मग एक दिवस ती सोडून कोरियाला शिकायला जायचं म्हणून घरात बसला. घरात फ्रिजवर, कपाटावर, दुधाच्या पातेल्यावर कोरियन नावांच्या चिठ्ठ्या. एक देव्हाऱ्यावरही लावली होती, ती आईने काढून टाकली. वडील त्याच्याशी फारसे बोलत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, तो भाषा शिकतोय, आणि लगेच पंख्याचं बटण शोधायला लागत.

ईश्वरी जासईची. तिच्या जन्माआधीच घरची शेती सरकारी प्रकल्पात गेली होती. राहिल्या त्या घरामागच्या तीन खोल्या, ट्रेलरच्या ड्रायव्हरांना भाड्याने दिलेल्या, आणि फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रस्ता बघणारे वडील, नामदेव. ती कंटेनर यार्डच्या ऑफिसात गेट पास करायची. दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळाला की तेच पुस्तक, तेच पान. वाचायचं, मिटायचं, आठवून लिहायचं, उद्या परत तेच. दुसरी कुठली पद्धत तिला माहीत नव्हती आणि हवीही नव्हती.

शनिवारी दोघांनी मॉलच्या फूड कोर्टमध्ये भेटायचं ठरलं. कोपऱ्यातलं खिडकीजवळचं टेबल, एक कॉफी दोघांत. बाहेर खाडीवर कायम राखाडी आभाळ. सिक्युरिटीवाला अधूनमधून येऊन कपात डोकावायचा, की संपली असेल तर यांना उठवता येईल. म्हणून शेवटचा घोट दोघंही घेत नसत.

पहिले काही शनिवार भांडणात गेले. तिने चूक काढली की स्वानंद वाद घालायचा, अमुक व्हिडिओत असंच म्हटलंय म्हणायचा. आणि त्याने तिची चूक काढली की ती गप्प बसायची, ते वादाहून वाईट. शेवटी ईश्वरीनेच नियम घातला. समोरचा कोरियनमध्ये काहीही बोलला तरी ऐकणाऱ्याने आधी चूक सांगायची आणि मग उत्तर द्यायचं. राग धरायचा नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय उठायचं नाही. आधी चूक, मग उत्तर.

नियम लागू झाला आणि गाडी रुळावर आली. तो दुकानदार, ती गिऱ्हाईक. ती डॉक्टर, तो पेशंट. मराठीत 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला त्यांना दोन महिने लागले, पण कोरियनमध्ये दोघंही बिनधास्त होते. तिथे सगळं धड्यातलंच असतं ना, मग लाजायचं काय?

एकदा औषधाच्या दुकानाचा धडा होता. ईश्वरी काउंटरमागे. स्वानंद कपाळ धरून आला, डोकं दुखतं म्हणाला. कधीपासून, तिने विचारलं. रविवारपासून. रविवारी काय झालं? काही झालं नाही, तो म्हणाला... तू नव्हतीस.

ईश्वरीने कपातला चमचा उगाच ढवळला.

"चूक," ती मराठीत म्हणाली. "औषधाच्या दुकानात असलं काही सांगत नाहीत."

"आणि उत्तर?"

उत्तर तिने कोरियनमध्ये दिलं. दोन गोळ्या घ्या, पाणी जास्त प्या, शनिवारी परत या. स्वानंद हसला. तो हसला की चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो बोटाने वर सारायला स्वानंद विसरायचा. तो चष्मा आपणच वर सारावा असं ईश्वरीला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

प्रेमात पडायला जागा असावी लागते, बाग लागते, समुद्र लागतो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा फूड कोर्टात तळणाच्या वासात बसून बघावं.

जानेवारीत 'कुटुंब' नावाचा धडा आला. स्वानंदने सहज विचारलं, आई काय करते? ईश्वरीने पुस्तक मिटलं. मग बोलायला लागली, कोरियनमध्ये, तिला येत होते तेवढ्याच शब्दांत. आई आजारी होती. आम्ही हॉस्पिटलमध्ये राहिलो. मी मोबाइलवर कोरियन मालिका बघायचे. एक इअरफोन माझ्या कानात, एक आईच्या. आईला काही कळायचं नाही. आई विचारायची, ती काय बोलली? मी खालचं वाचून सांगायचे. आई हसायची. मग मे महिन्यात आई गेली. मालिका संपली नव्हती.

पाच वर्षांच्या पोराची वाक्यं. मराठीत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगता आलंच नसतं. मराठीत फार शब्द होते, आणि प्रत्येक शब्दाला रडू चिकटलेलं होतं. कोरियनमध्ये तिच्याकडे रडण्याइतके शब्दच नव्हते, म्हणून जमलं.

तिने बोलताना दोन ठिकाणी चूक केली होती. तिला स्वतःलाच कळलं होतं. ती वाट बघत राहिली. स्वानंदने कॉफीचा शेवटचा घोट तिच्याकडे सरकवला. सिक्युरिटीवाला आला, रिकामा कप बघून त्याने उठायला सांगितलं, आणि दोघं जिना उतरून खाली आले. त्या दिवशी स्वानंदने चूक काढली नाही. त्या दिवसापासून ईश्वरी त्याच्यावर प्रेम करू लागली, उघड, स्वतःपाशी कबूल करून.

पण प्रेमाने काही दिवस उजळले वगैरे म्हणाल, तर तसं झालं नाही. वर्षभरात ईश्वरीचं एक पुस्तक संपलं, दुसरं संपलं, जुन्या परीक्षांचे पेपर सोडवून झाले. स्वानंद मात्र तिथेच होता. त्याला येत नव्हतं असं नाही. त्याला सुरुवात करायला आवडायचं. नवं ॲप घेतलं की पंधरा दिवस नुसता उत्साह. जरा अवघड झालं की पद्धतच चुकीची आहे असं त्याला वाटायला लागे, आणि तो दुसरी शोधायला निघे. शोधण्यात त्याचा इतका वेळ जायचा की शिकायला उरायचाच नाही. "एक ना धड भाराभर चिंध्या," ईश्वरी चिडवायची. तो हसायचा. मग मग हसेनासा झाला.

बुसानच्या एका विद्यापीठात वर्षभराचा भाषेचा कोर्स होता. ऑक्टोबरच्या परीक्षेत हवी ती लेव्हल मिळाली तर फी माफ. दोघांनीही अर्ज केला. दोघं मिळून जायचं, स्वानंद म्हणायचा, आणि समुद्राजवळचं हॉस्टेल, मंगळवारचा बाजार, थंडीत रस्त्यावर मिळणारे गोड पोळे यांचे व्हिडिओ तिला दाखवायचा. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना त्याने ऐकण्याचा सराव थांबवून एक नवीनच पद्धत धरली. ईश्वरीला तेव्हाच कळलं की हा पास होत नाही. तिने त्याला सांगितलं नाही.

घरी तिच्यापुढे वेगळाच पेच होता. आईने, यशोदाबाईंनी, जाताना नवऱ्याकडून शब्द घेतला होता, की पोरीला शिकतेय ते शिकू दे. नामदेव शब्दाला जागले होते, पण शब्दाला त्यांनी मुदत घातली. "ऑक्टोबरची परीक्षा दे," ते म्हणाले. "पास झालीस तं जा. नाय झालीस तं उलव्याचं स्थल हाय, मंग मना नाय बोलू नको." त्यात अन्याय काही नव्हता. बाईमाणूस नसलेल्या घरात तरण्या मुलीचं काय करायचं हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

परीक्षेआधीचा शेवटचा शनिवार. बाहेर परतीच्या पावसाचे ढग, फूड कोर्टात दिवसाढवळ्या दिवे. बोलण्याचा सराव चालू होता, विषय कुठलाही. स्वानंदने कप बाजूला ठेवला, तिच्याकडे पाहिलं आणि कोरियनमध्ये म्हणाला,

"मला तू आवडतेस. हे धड्यात नाहीये."

ईश्वरीच्या हातातली पेन्सिल थांबली. तिला सगळं ऐकू येत होतं, पलीकडच्या टेबलावरच्या बाळाचं रडणं, पिझ्झावाल्याने पुकारलेला नंबर. आता नियमाने आधी चूक सांगायची होती.

"आवाज शेवटी पडला," ती म्हणाली. तिचाच आवाज कापत होता. "परीक्षेत असं चालत नाही. दहापैकी... सात."

"सात," स्वानंद म्हणाला. "बरं. आणि उत्तर?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. हो म्हटलं असतं, तर आठवड्यात परीक्षा होती, महिन्या-दीड महिन्यात निकाल होता, आणि निकालात काय असणार हे तिला माहीत होतं. हो म्हटलं तर ती त्याला इथे टाकून जाऊ शकणार नव्हती. आणि गेली नाही तर आईच्या कानातला तो इअरफोन, ते वर्ष, ते पानन्‌पान, सगळं उलव्याच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन संपणार होतं. नाही म्हणणं तर शक्यच नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. नामदेवांचा. उलव्याचे पाहुणे आलेत, घरी ये. एरवी असा फोन आला असता तर ती चिडली असती. त्या दिवशी ती पर्स उचलून जवळजवळ पळाली, आणि उत्तर दिल्याशिवाय उठायचं नाही हा स्वतःचाच नियम मोडून गेली.

निकाल लागला. ईश्वरी पास झाली, हवी होती त्याहून वरच्या लेव्हलने. स्वानंद तिसऱ्यांदा राहिला.

त्याने तिचं अभिनंदन केलं, मनापासून केलं. मग तो हळूहळू मागे सरकत गेला. शनिवारी काम आहे म्हणू लागला, आणि खरंच काम होतं. वडिलांच्या ओळखीने तुर्भ्याच्या एका गोदामात माल पाठवण्याच्या खात्यात त्याला लावून घेतलं होतं. भेटणं थांबलं, पण मेसेज यायचे. थंडीचे कपडे स्वस्त कुठे मिळतील, हॉस्टेलमध्ये भात कसा करायचा, भारतीय वाणसामान कुठे मिळतं. सगळ्या लिंक. लिंक शोधण्यात तर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःबद्दल एक ओळ नाही. ईश्वरी त्या उघडायची नाही. नुसतं 'थँक्स' लिहायची आणि मोबाइल उशीखाली ठेवून पडून राहायची.

बुसानहून जागा मिळाल्याचं पत्र आलं. होकार कळवायची मुदत जवळ आली, तशी एक दिवस ती स्कूटी काढून तुर्भ्याला गेली.

तुर्भ्याला आभाळ असतं ते धुळीचं. गोदामाबाहेर ट्रकांची रांग, नाकात केमिकलचा वास. जेवणाच्या सुट्टीत स्वानंद बाहेर आला. गळ्यात कंपनीचं कार्ड, बारीक झालेला. टपरीच्या बाकड्यावर दोघं बसले. चहा आला.

"मी नाही जात," ईश्वरी म्हणाली.

"का?"

"तुला माहितीय का ते."

स्वानंदने चहाच्या ग्लासकडे बघत थोडं हसून घेतलं. "ते ऑक्टोबरचं म्हणतेस? अगं, ते प्रॅक्टिस होतं. तू काय मनावर घेऊन बसलीस? परीक्षा होती, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. टेन्शन नको घेऊ, जा बिनधास्त."

एवढं तो एका दमात बोलला, कुठेही न अडखळता. मराठीत तो कधी अडखळत नसे. घरी वडिलांना, शेजाऱ्यांना, चौकशा करणाऱ्या नातेवाइकांना गेली तीन वर्षं तो हसत हसत असंच उत्तर देत आला होता, की मजेत आहे, चाललंय छान. ईश्वरीने ते सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "आता हेच कोरियनमध्ये बोल."

"काय?"

"हेच. खरं नव्हतं, प्रॅक्टिस होतं. सोपं वाक्य आहे. येतं तुला."

एक ट्रेलर पीं पीं करत मागे येत होता. तो थांबेपर्यंत स्वानंद थांबला. मग त्याने तोंड उघडलं. शब्द त्याला येत होते, सगळे. पण वर्षभर त्या भाषेत तो तिच्याशी जे बोलला होता ते अर्धंमुर्धं असेल, मोडकं असेल, खोटं एकदाही नव्हतं. खोटं बोलण्याइतका त्या भाषेत तो अजून तयारच झाला नव्हता. त्याने पुन्हा प्रयत्न केला. चष्मा घसरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिने पाहिलं, आणि हात पुढे करून तिने चष्मा वर सारला.

"नाही येत," तो म्हणाला.

"ठीक आहे," असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. त्याच्याशी इतके दिवस जपून बोललेली शहरी मराठी कुठल्या कुठे गेली, आईशी बोलायची ती बोली तोंडात आली. "मना तू आवरतंस," ईश्वरी म्हणाली. "कवापासून ते मना पन नाय ठावं. पन आवरतंस."

स्वानंदने ही बोली तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तो बाकड्यावर तिच्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "खरं होतं ते. तेव्हाचं."

"ठावं हाय मना."

"म्हणूनच सांगतो, जा." त्याने ग्लास खाली ठेवला. "तू राहिलीस ना, तर मी रोज तुझ्याकडे बघून माझं नापास होणं मोजेन. नाही सहन होणार मला. आणि तुलाही नाही होणार, तू बोलणार नाहीस, पण नाही होणार."

तो चुकीचं बोलत नव्हता. म्हणून तिला राग आला, आणि राग आला म्हणून रडू आलं. टपरीवाल्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

"थांबशील का माझ्यासाठी?" तिने विचारलं.

"थांबतो असं नाही म्हणत. माझं काहीच टिकत नाही, ईश्वरी. तुझ्याइतकं कुणाला माहितीय ते? वचन दिलं तर तिकडे अभ्यास सोडून त्याचीच काळजी करत बसशील. मी... बघतो. रोजच्या रोज बघतो, किती जमतं."

प्रेमात पडलेल्या मुलीने ऐकावं असं हे उत्तर नव्हे. पण ईश्वरीने इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून एवढं भरवशाचं वाक्य ऐकलं नव्हतं. तिने डोळे पुसले. विमानतळावर तरी ये, म्हणाली. तो नाही म्हणाला. तिथे तुझ्या घरचे असतील, मी कोण म्हणून उभा राहू?

ईश्वरी उठली. चहाचे पैसे तिनेच दिले. "अर्धी सुट्टी सांगून ये," ती म्हणाली. "कोन म्हणून ते सांगते."

जासईला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. नामदेव फाटकाशी खुर्चीवर होते. लेकीच्या मागे स्कूटीवर बसून आलेल्या मुलाला त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बाबा, ह्यो स्वानंद," ईश्वरी म्हणाली. "मी ह्याच्यासंगंच शिकली."

नामदेवांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे सारली. स्वानंद तिच्या काठावर टेकला. कुठं राहतोस, काय करतोस, आडनाव काय, असं एकेक विचारून झालं. आडनाव ऐकल्यावर नामदेवांनी नजर रस्त्याकडे वळवली. आपल्यातला नाही, हे बोलायची गरज नव्हती.

"तू पन जातंस का हिच्यासंगं?"

"नाही. मी नापास झालो," स्वानंद म्हणाला. कुठलीही सारवासारव न करता, सरळ. नामदेवांनी मान वळवून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बाबा, मी जानार हाय," ईश्वरी म्हणाली. "पन उलव्याला कलवून टाका. आल्यावर लगीन करीन तं ह्याच्याशीच करीन."

नामदेव उठले, नळाशी गेले, पाय धुतले. तिथे बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. त्यांचा राग ईश्वरीने आईच्या आजारपणात पाहिला होता, डॉक्टरांवरचा, देवावरचा. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते परत येऊन खुर्चीत बसले.

"वर्साभरान कोन कसा राहील ते आज कोनी सांगावं," ते म्हणाले. "आज मी हो पन बोलत नाय, नि नाय पन बोलत नाय. तू जा पयली."

ईश्वरी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. स्वयंपाकघरात अंधार होता, दिवा लावायचं तिला सुचलं नाही. तांब्या भरला आणि दाराशी आली, तेव्हा बाहेर नामदेव बोलत होते. खालच्या आवाजात, रस्त्याकडेच बघत.

"ही गेली का इतं मी एकटाच. आयतवारी येत जा जेवाला. मना कोरियन नाय येत, पन खाडीचा मावरा बरा करतंय."

"येईन," स्वानंद म्हणाला.

ईश्वरी दारातच थांबली. बाहेर दोन माणसं शेजारी शेजारी बसली होती, आणि दोघांनाही ती सोडून जाणार होती. पाणी घेऊन बाहेर जायला तिला वेळ लागला.